फडणिसाचे घरचे कागद

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारले होते, ‘सरकारी हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद असे काही असतात का हो?’ प्रश्न साधा वाटतो, पण आम्ही तो घरी घेऊन गेलो. मराठी मुलखातले याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नाना फडणीस. धाराशिवात बसून त्यांच्याबद्दल बोलायला आपल्याला एक कारणही आहे; ते पुढे येईलच.

आधी शब्द पाहू. ‘फडणीस’ म्हणजे फडावर लिहिणारा, की फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा, यावर विद्वानांत वाद आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्या. काम काय होते ते महत्त्वाचे. मुलखातल्या मामलतदाराच्या शेजारी दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस असे दरकदार नेमलेले असत. मामलतदाराला त्यांना आपल्या मर्जीने काढता येत नसे. मंजूर झालेल्या पत्रावर तारीख घालायची, रोजकीर्द लिहायची आणि सालअखेर सगळे कागद हुजुरात न्यायचे, हे फडणिसाचे काम. म्हणजे पैशाला हात न लावता पैशाची साक्ष ठेवणारा माणूस! पुण्याच्या हुजूर दफ्तरात हेच काम मोठ्या प्रमाणावर चाले आणि तिथे शेकडो कारकुनांचा राबता होता. तिथले कागद पुढे इंग्रजांच्या ताब्यात गेले. आज ते पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातूनच निवड करून 1930 ते 1934 या काळात पंचेचाळीस खंड काढले.

पण हे झाले सरकारचे दफ्तर. नानांचे घरचे दफ्तर वेगळे. वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीला त्यांचा वाडा आहे. तिथले कागद ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ओळखले जातात. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते मिळवले. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात होता. तो 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

आता खरी अडचण. हे कागद ‘खासगी’ म्हणायचे का? गंमत पाहा, पेशवाईत ‘खासगी’ हे एका खात्याचेच नाव होते. पेशव्यांच्या घरखर्चाचे खाते, त्यालाही कारभारी, त्यालाही हिशेब. ‘खासगीवाले’ हे आडनाव त्यातूनच आले. म्हणजे खासगी हा सरकारीचा विरुद्ध शब्द नव्हताच. फडणिशी वंशपरंपरेची. वडील 1756 साली वारले, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाकडे ती आली. कचेरी घरात आणि घर कचेरीत. मेणवलीच्या रुमालात राज्यकारभाराची पत्रे सापडली, याचे नवल वाटायला नको. माणूस सरकारी कागद घरी घेऊन गेला, असा आरोप आजच्या नियमाने करता येईल. त्या काळी तो कुणाला समजलाही नसता.

आता आपले कारण. निजामाकडे चौथाईची बाकी तुंबलेली होती. पुण्याच्या हिशेबाने ती अडीच कोटींच्या वर जात होती. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याने ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे मराठी वकिलाला सुनावले की बाबी गुंतागुंतीच्या आहेत, तेव्हा नानांनी स्वतः हैदराबादेस येऊन त्या समजावून द्याव्यात. वकील म्हणाला, ते कामात आहेत, कसे येतील? दिवाण म्हणाला, कसे येतात ते दाखवतो. हिशेब समजावण्यावरून सुरू झालेले हे बोलणे 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या लढाईपर्यंत गेले. खर्डा आपल्या भूमपासून काही फार लांब नाही. निजाम हरला. तहात परंड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतची पट्टी मराठ्यांना लिहून मिळाली, शिवाय रोख सुमारे तीन कोटींचा करार झाला. त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. वारशाच्या भांडणात नानांना पुण्याबाहेर पडावे लागले आणि 1796 साली महाडला निजामाची मदत मिळवताना त्यांनी हा मुलूख परत द्यायचे कबूल केले. परंडा कागदावरच आला आणि कागदावरच गेला. राज्याचे देणे-घेणे त्यांनी स्वतःच्या परतीसाठी सोडले काय? आमचे मत विचाराल तर, सोडले. पण त्यांना स्वतःला ते तसे दिसले असेल असे आम्हाला वाटत नाही. चाळीस वर्षे फडणिशी केलेल्या माणसाला ‘मी’ आणि ‘दौलत’ यांच्यात रेघ ओढायची सवयच नव्हती.

आणि तरी एक कागद असा आहे की जो कुठल्याच खात्यात बसत नाही. नानांचे छोटेखानी आत्मचरित्र. ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर 1829 साली छापले. सुरुवात वेदान्ती विचाराने होते, आणि मग हा माणूस आपल्या तरुणपणाच्या कामवासनेबद्दल लिहितो, पानिपतावरून जीव घेऊन पळाल्याबद्दल लिहितो. आई बरोबर होती, तिची ताटातूट झाली. पत्नी पुढे भेटली, आई भेटली नाही. एकोणिशीही पूर्ण न झालेल्या मुलाची ती पायपीट आहे. पराक्रमाचा आव नाही, कुणाला हिशेब दाखवायचा नाही. आम्ही तत्त्वज्ञान शिकवले, इतिहास नाही. पण स्वतःविरुद्ध नोंद घालणारा हिशेबनीस आम्हाला क्वचितच भेटला आहे.

1761 साली नानासाहेब पेशवे वारले, त्या सुमारास हे लिखाण थांबते. पुढे 1800 सालापर्यंत नाना जगले. बारभाई, सालबाई, खर्डा, महाड, सगळे त्यानंतरचे. त्या एकोणचाळीस वर्षांबद्दल त्यांच्या हातचे असे दुसरे कथन नाही. आहेत ते रुमाल, मोडीतले. आम्ही साठीनंतर मोडी शिकलो; आजही एका पानाला एक सकाळ जाते.