गरीब विद्यार्थ्यामागें जादा पैसा

शिक्षणहक्काच्या कायद्यावरून महाराष्ट्र सरकार व पालक यांच्यांत २०२४ सालीं जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याचा निकाल लागून तो विषय लोकांच्या बोलण्यांतून मागें पडला आहे. निकाल योग्य झाला याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्या वादाच्या मुळाशीं असलेला पैशाचा प्रश्न होता तसाच राहिला आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. २००९ च्या कायद्याच्या कलम १२ नें खासगी विनाअनुदानित शाळांनीं पहिलीच्या वर्गांतील निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस विनामूल्य द्याव्या, व सरकारनें त्यांची भरपाई करावी, असें ठरविलें. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं राज्य सरकारनें नियम बदलून, ज्या खासगी शाळेपासून १ किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनांतून मोकळें केलें. मुंबई उच्च न्यायालयानें १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयानेंहि पुढील महिन्यांत त्या निकालास हात लावला नाहीं. कायद्यानें दिलेला हक्क नियमानें काढून घेतां येत नाहीं, हें वकिलीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीहि सांगेल. तें मंत्रालयांत कोणास सुचूं नये हें नवल!

सुचलें नाहीं याचें कारण तिजोरी. भरपाईचा दर २०१९-२० सालीं दर मुलामागें १७,६७० रुपये होता. पुढील सालीं करोनाच्या निमित्तानें तो ८,००० वर आणला गेला. हा पैसाहि वेळेवर मिळत नाहीं, थकबाकी वर्षानुवर्षें सांचते, अशी शाळाचालकांची ओरड आहे. उधारीवर माल नेऊन तोंड चुकविणाऱ्या गिऱ्हाइकास आमचे व्यापारी वाचक काय म्हणतात तें येथें छापण्याजोगें नाहीं. येथें तर उधारीचा भार अखेर गिऱ्हाइकावरहि नाहीं, दुकानदारावरहि नाहीं, तर बाकावर बसलेल्या पोरावर पडतो.

परंतु थकबाकी उद्यां चुकती झाली तरी काम भागत नाहीं. सरकारचा स्वतःचा दर मुलामागील खर्च व शाळेची फी यांत जी रक्कम कमी ती द्यावी, असा कायद्याचा हिशेब आहे. म्हणजे सरकार जागेचें भाडें देतें. हमालाच्या किंवा मोलकरणीच्या मुलास घरीं पाठ समजावून देणारें कोणी नसतें, निवांत कोपरा नसतो, आजारांत बुडलेला अभ्यास भरून काढण्याची सोय नसते. त्यास सुखवस्तु मुलाबरोबर आणावयाचें तर त्याच्यावर अधिक खर्च झाला पाहिजे. त्याची तरतूद त्या हिशेबांत कोठेंच नाहीं.

आणि ज्यांस या जागा मिळत नाहींत, जीं जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांत शिकतात, त्या मुलांचें काय? शिक्षकांचा पगार सरकार देतें हें खरें. परंतु समग्र शिक्षा योजनेंत शाळेच्या किरकोळ खर्चाचें वार्षिक अनुदान पटसंख्येवर ठरलें. १०० ते २५० पटाच्या शाळेस ५०,००० रुपये. २०० मुलांच्या शाळेंत दर मुलामागें वर्षाचे २५० रुपये झाले. त्या २०० पैकीं किती घरांत चूल एकदांच पेटते, हें या अनुदानाच्या कोष्टकांत विचारलेलेंच नाहीं. दारिद्र्यरेषेखालील दलित, आदिवासी व भटक्या जमातींच्या मुलींस हजेरीबद्दल दररोज १ रुपया देण्याची योजना १९९२ सालीं सुरू झाली. पुढें पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो रुपया रुपयाच राहिला.

इंग्लंडांत एप्रिल २०११ पासून निराळी पद्धत सुरू झाली. शाळेंत मोफत जेवण मिळण्यास पात्र अशा प्रत्येक मुलामागें सरकारनें नेहमींच्या अनुदानाशिवाय शाळेस पहिल्या सालीं ४८८ पौंड दिले. २०१४-१५ सालीं प्राथमिक शाळांपुरता तो आंकडा १,३०० पौंडांवर गेला. गेल्या ६ वर्षांत केव्हांहि पात्र ठरलेलीं मुलें त्यांत धरलीं. पैसा कसा खर्चावा हें मुख्याध्यापकानें ठरवावें, मात्र त्याचा तपशील जाहीर करावा, असा दंडक आहे. आम्ही विलायतेचे भाट नव्हे. तेथेंहि कित्येक शाळांनीं या रकमेनें नेहमींच्या खर्चाचीं भोकें बुजविलीं, आणि कांहीं वर्षें कमी होत गेलेली गरीब-श्रीमंत मुलांतील दरी २०२० च्या साथीनंतर पुन्हा रुंदावली. तरी पैसा गरीब मुलाच्या मागोमाग शाळेंत जावा, हें तत्त्व खोटें ठरत नाहीं.

तें आपणांस परकेंहि नाहीं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, असें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्वच्छ सांगितलें होतें. नामदार गोखल्यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ सालीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें, तेव्हांहि खर्चाची सबब पुढें होती. त्या वेळीं सरकार परक्यांचें होतें. आजच्या सरकारास ती सोय नाहीं.

आमची मागणी अशी. वर्षाचें उत्पन्न १ लाखाच्या आंत असलेल्या घरच्या प्रत्येक मुलामागें, तें कोणत्याहि शाळेंत असो, ठराविक जादा रक्कम अर्थसंकल्पांत निराळ्या सदराखालीं दाखवावी. ती चालू अनुदानांतून कापून दिलेली नसावी. सरकारी व अनुदानित शाळांत ती शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीनें खर्च व्हावी. या समितींत तीन चतुर्थांश पालक असावे असें कायदाच सांगतो. हिशेब शाळेच्या दारावर लावावा. खोट्या दाखल्यांची भीति आम्हांस ठाऊक आहे. कमी उत्पन्नाचा दाखला ज्यांस सहज मिळतो ते बहुधा त्या उत्पन्नाचे नसतात. त्यासाठीं दाखल्यांची यादीहि त्याच दारावर लावावी; गल्लींतील लोक एकमेकांचें उत्पन्न तलाठ्यापेक्षां बरें जाणतात. येत्या अधिवेशनांत आपला आमदार या सदराविषयीं बोलतो कीं नाहीं, हें वाचकांनीं पाहावें, व बोलत नसल्यास त्यास पत्र घालावें.