हार्ट अटॅकनंतर पहारेकऱ्यांना समजावणाऱ्या पिशव्या

समजा, हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी स्टेंट टाकून बंद रक्तवाहिनी उघडली. सुटलो? पूर्ण नाही. रक्त परत सुरू होतानाच्या धक्क्यानेही काही पेशी मरतात. मग येतात मॅक्रोफेज, आपल्या रोगप्रतिकारशक्तीचे पहारेकरी. ते मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, पण जास्त भडकले तर शेजारचा जिवंत स्नायूही जातो. आणि हृदयाचा गेलेला स्नायू जवळजवळ परत येत नाही, तिथे व्रणच उरतो.

इथे एक्सोसोम कामाला येतात. पेशींनी बाहेर सोडलेल्या या इवल्याशा पिशव्या, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या. आत असतात मायक्रोआरएनए, म्हणजे ठरावीक जनुकांचं काम कमी करणाऱ्या चिठ्ठ्या.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की, हृदयाच्या ऊतींपासून वाढवलेल्या पेशींचे एक्सोसोम रक्तपुरवठा सुरू झाल्यावर दिले, तरी उंदीर आणि डुकरांमध्ये मेलेला भाग लहान राहतो. त्यातली एमआयआर-181बी ही चिठ्ठी मॅक्रोफेजमध्ये शिरते, पीकेसी-डेल्टा हे प्रथिन कमी करते आणि त्यांचा रोखच बदलतो. म्हणजे हृदय वाचवायला समजावलं कुणाला? पहारेकऱ्यांना!

पण हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, हार्ट अटॅकवरचा नेहमीचा उपचार नव्हे. त्यामुळे कुणी एक्सोसोमचं इंजेक्शन विकायला आलं तर भुलू नका. घरात कुणाच्या छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर थेट 108 लावा. वेळ गेली की स्नायू गेला.