पावसात सायकलचा ब्रेक का लागत नाही? रबरासोबत रिमही झिजते, ती अशी तपासा

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. त्याला ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी मोगरी लावून तो थांबवतात. सायकलचे ब्रेक रबर ही तशीच मोगरी. फक्त ती चाकाखाली न जाता रिमच्या दोन्ही बाजूंना घासते. रबर झिजले की आपण ते बदलतो. पण त्याच घासण्यात रिमही झिजत असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जळगावात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. ब्रेकची खरी परीक्षा याच चार महिन्यांत होते. रेल्वे उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक दाबावा आणि सायकल तशीच पुढे जावी, असे भर पावसात होऊ शकते. ते का होते, हे तुमच्या सायकलची रिम कोणत्या धातूची आहे यावर ठरते.

आधी चुंबक लावून पाहा

फ्रीजच्या दारावरचा छोटा चुंबक रिमला लावा. चिकटला तर रिम स्टीलची, नाही चिकटला तर अॅल्युमिनियमची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत अलॉयची. शाळेच्या मुलामुलींच्या साध्या सायकलींना बहुतेक स्टीलच्या रिम असतात. गिअरच्या, जरा महाग सायकलींना अलॉयच्या. पावसाचा त्रास दोघांनाही आहे, पण वेगवेगळा.

स्टीलची रिम सहजी झिजत नाही, ती दगा देते ती पकडीत. तिच्यावरचा चकचकीत मुलामा इतका गुळगुळीत असतो की पाण्याचा पातळ थर रबराला धातूपर्यंत पोहोचूच देत नाही. फ्रँक व्हिट आणि डेव्हिड विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ या पुस्तकात अमेरिकेतील एमआयटीतल्या चाचण्यांची माहिती आहे. ओल्या स्टीलवर रबराची पकड कोरड्याच्या एक दशांशाहूनही खाली गेली. पूर्ण ब्रेक दाबूनही चाकाचे सुमारे ३० फेरे होईपर्यंत पकड वाढायला सुरुवात होत नव्हती. २६ इंची चाकाचे ३० फेरे म्हणजे ६० मीटरहून जास्त अंतर. म्हणून पावसात ब्रेक गरज पडण्याच्या बऱ्याच आधीपासून हलका दाबत राहायचा. रबर आधी रिम पुसून काढते, मग पकडते. मुलांना सायकल देताना ही एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ झाले.

अलॉय रिमवर ओला ब्रेक बराच बरा लागतो. तिची किंमत झिजेत मोजावी लागते. खानदेशातले रस्ते बसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या खडीचे. त्या दगडाची कच पाण्यासोबत उडून रबरात रुतते. कठीणपणाच्या १० अंकी मोजपट्टीवर अॅल्युमिनियम ३ च्याही खाली, तर बसाल्टमधली खनिजे ५ ते ६ च्या आसपास. म्हणजे ब्रेक दाबला की रबर पॉलिश पेपरासारखे रिम घासते. पावसातून आल्यावर रिमवर जो काळा ओघळ दिसतो, तो नुसता चिखल नसतो. त्यात रबर असते आणि रिमचे अॅल्युमिनियमही. काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ती ओली असेपर्यंत सहज धुऊन निघते, वाळली की चिपकून बसते आणि कच धरून ठेवते.

घरी आल्यावर दोन मिनिटे

सायकल तशीच भिंतीला टेकवू नका. तांब्याभर पाणी दोन्ही रिमवर आणि ब्रेक रबरांवर ओता, जुन्या फडक्याने रिमच्या बाजू पुसा. पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या मध्यावर मात्र मारू नका, आतल्या बेअरिंगचे ग्रीस निघून जाते. साखळीला तेल द्यायचे तर रिमवर एक थेंबही पडता कामा नये. रॉकेल, डिझेल किंवा गंज काढायचा स्प्रे रिमला लावणे म्हणजे ब्रेक काढून टाकण्यासारखेच.

आठवड्यातून एकदा रबराचा तोंडाकडचा भाग उजेडात पाहा. खड्याचे कण आणि अलॉय रिम असेल तर चमकणारे धातूचे तुकडे रुतलेले दिसतील. ते दाभणाने उकरून काढा. रबर चकचकीत, कडक झाले असेल तर खरखरीत पॉलिश पेपरवर घासा. त्यावरच्या खाचा बुजल्या की नवीन घ्या. संपेपर्यंत वापरले तर आतली पत्री रिमला लागते आणि थोड्या रकमेच्या वस्तूपायी रिम जाते. स्टीलच्या रिमचा मुलामा उडून गंज धरला असेल तर उलटे होते, तिथे रिमच रबराला कानशीसारखी खाते.

नवीन रबर बसवताना ते टायरला लागत नाही ना, हे बघा. लागत असेल तर टायरची बाजू कापली जाते. फार खाली बसले तर घसरून आऱ्यांत जाऊ शकते. धातूच्या खोबणीत सरकवायचे रबर असेल तर खोबणीची बंद बाजू सायकलच्या पुढच्या दिशेला हवी. उलटी बसली तर जोरात ब्रेक दाबताच रबर निसटून बाहेर पडते. दुकानातून सायकल घेतानाही हे एकदा पाहून घ्यावे.

रिम कधी बदलायची?

खरा धोका इथे आहे. अलॉय रिमची बाजू नवीन असताना दीडेक मिलिमीटर जाड असते, आणि टायरमधली हवा तिला सतत बाहेर ढकलत असते. बाजू पातळ होत गेली की एके दिवशी ती फाकते. ट्यूब मोठ्या आवाजाने फुटते, वाकलेली कड ब्रेकमध्ये अडकून चाक जागीच थांबू शकते. पुढचे चाक असेल तर स्वार थेट हँडलवरून रस्त्यावर.

तपासायला शाळेच्या कंपासमधली पट्टी पुरे. ती रिमच्या बाजूवर उभी धरा. मध्ये फट दिसली, उजेड आला, म्हणजे बाजू खोल झाली आहे. बऱ्याच रिमवर चारही बाजूंनी फिरणारी बारीक खाच किंवा छोटे खळगे असतात. ते दिसेनासे झाले की रिम संपली. बोट फिरवताना कड बाहेर आल्यासारखी लागली किंवा ब्रेक दाबल्यावर दर फेऱ्याला धक्का बसू लागला, तर त्या सायकलवर आणखी एक फेरीही नको. धक्का चाक आऊट झाल्यानेही बसतो, पण आरे ताणून घेण्याआधी पट्टी लावून बघा. पातळ झालेली रिम आरे ताणून सुधारत नाही.

रॉड ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलींमध्ये रबर बाजूंना न लागता रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूने लागते. तिथे बाजू पातळ होण्याची भीती नाही; ओल्या स्टीलची घसरण मात्र तशीच. डिस्क ब्रेकमध्ये रिम घासलीच जात नाही, पण त्याचे पॅड चिखलात लवकर संपतात आणि ते सहज दिसतही नाहीत. पावसाळा संपल्यावर ते एकदा काढून पाहून घ्यावेत.