फोन म्हणतोय ‘अपडेट करा’... करायचं की टाळायचं? अँड्रॉइडच्या नव्या अपडेटमध्ये गावाकडच्या माणसाच्या कामाचं काय?

नंदुरबार : स्क्रीनवर ‘सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध आहे’ असा मेसेज येतो आणि बहुतेक जण ‘नंतर’ दाबून मोकळे होतात. कारणंही तशीच असतात. दिवसाच्या दीड-दोन जीबी डेटातला बराचसा डेटा त्यातच जाईल, मध्येच लाईट गेली तर फोन बंद पडेल, शेजारच्याचा फोन अपडेटनंतर हँग व्हायला लागला. यातल्या काही भीती खऱ्या आहेत, काही नुसत्या ऐकीव. पण टाळत राहण्याची किंमत आता वाढली आहे आणि ती बँक खात्यातून मोजावी लागू शकते.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात देण्यात आलं. आज तेच आधार, त्याला जोडलेलं बँक खातं आणि ओटीपी येणारा नंबर, तिन्ही एकाच फोनमध्ये आहेत. रेशनची ई-केवायसी चेहरा दाखवून फोनवर होते, ई-पीक पाहणी फोनवर होते, अंगणवाडी सेविकांचा पोषण ट्रॅकर फोनवरच चालतो. त्यामुळे फोनची कडी ढिली राहिली की घराचीच कडी ढिली राहिल्यासारखं आहे.

अपडेट म्हणजे नेमकं काय?

अपडेट दोन प्रकारची असते आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एक मोठी, म्हणजे अँड्रॉइडची आवृत्तीच बदलते, जसं १४ वरून १५, १५ वरून १६. दुसरी लहान, सुरक्षेची. तिच्यात दिसायला काहीच बदलत नाही, पण चोरांना सापडलेली भोकं बुजवलेली असतात. नवीन काही दिसलं नाही म्हणून लोक या लहान अपडेटला नावं ठेवतात, खरं तर जास्त गरज तिचीच असते. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की अँड्रॉइडची आवृत्ती दिसते. तिथेच किंवा आतल्या पानावर ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच’ पुढे तारीख असते. ती तारीख वर्षभर जुनी असेल तर समजायचं की फोनची राखण वर्षभरापासून झालेली नाही.

अँड्रॉइड १६ गुगलने १० जून २०२५ रोजी आणली. आधी ती गुगलच्या पिक्सेल फोनवर आली. मग सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या कंपन्या तिच्यावर आपापला साज चढवून आपल्या ग्राहकांना देतात. म्हणून एकाच घरात एका फोनला अपडेट येते आणि दुसऱ्याला महिनोन्‌महिने येत नाही. सॅमसंगमध्ये ती ‘वन यूआय ८’ या नावाने दिसते, इतर कंपन्यांची नावं वेगळी. नाव काहीही असो, आत अँड्रॉइड तीच.

फोनवर बोलता बोलता होणारी चोरी

या आवृत्तीतली सगळ्यात कामाची गोष्ट जाहिरातीत फारशी दिसत नाही. तिचा संबंध फसवणुकीच्या फोनशी आहे.

सध्याची फसवणूक अशी चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पाठोपाठ फोन येतो : ‘दादा, तुमचा हप्ता अडकलाय, फाईल उघडा, मी सांगतो तसं करा.’ समोरचा गोड बोलतो, फोन ठेवू देत नाही आणि एक-एक बटण दाबायला लावतो. फोन ‘हे अ‍ॅप धोकादायक आहे’ म्हणून ओरडतो, तर तो सांगतो, ‘ते तसंच येतं, ओके करा.’ अ‍ॅप एकदा बसलं की ते एसएमएस वाचण्याची परवानगी घेतं. त्यानंतर ओटीपी कोणाला सांगायचीही गरज राहत नाही, अ‍ॅप तो परस्पर पुढे पाठवतं. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मिळाली तर त्याहून वाईट, कारण मग ते अ‍ॅप मालकाच्या जागी बसून स्क्रीन वाचू शकतं आणि बटणंही दाबू शकतं. ही सोय मुळात ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाही अशा लोकांसाठी केलेली. चोरांनी तिचाही हत्यार म्हणून वापर केला.

अँड्रॉइड १६ मध्ये याच जागी आडकाठी घातली आहे. कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या नंबरशी बोलणं सुरू असताना ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप पहिल्यांदा टाकायला गेलं तर फोन ते टाकू देत नाही. बोलणं चालू असताना अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी देता येत नाही. ‘प्ले प्रोटेक्ट’ नावाचा गुगलचा पहारेकरी बंद करायला लावणं ही चोरांची नेहमीची पहिली पायरी. कॉल सुरू असताना तो बंद न होण्याची सोय तर अँड्रॉइड ६ पासूनच्या जुन्या फोनवरही दिली आहे. उपाय साधा आहे, पण नेमका आहे, कारण हा सगळा खेळ समोरच्याला विचार करायला वेळ न देण्यावर चालतो. फोन ठेवला, चहा घेतला, घरातल्या कोणाला विचारलं, की निम्मी फसवणूक तिथेच संपते.

यात पळवाटा नाहीत असं मात्र नाही. चोर ‘आधी फोन ठेवा, अ‍ॅप टाका, मग पुन्हा करतो’ म्हणू शकतो. त्यामुळे एपीके फाईल उघडायचीच नाही हा नियम अपडेटनंतरही तोच राहतो. चुकून टाकलीच तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाईनला आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

फोन खरंच पळतो का?

फोन फास्ट होतो, बॅटरी जास्त चालते, असं प्रत्येक अपडेटबरोबर सांगितलं जातं. थोडं खरं आहे. अँड्रॉइड १४ पासून मागे उघडी पडलेली अ‍ॅप्स फोन जास्त कडक गोठवून ठेवतो, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार हलका होतो. अँड्रॉइड १५ मध्ये मेमरी हाताळण्याची नवी पद्धत आली. गुगलच्या स्वतःच्या चाचणीत मेमरीवर ताण असताना अ‍ॅप उघडण्याचा वेळ त्याने सरासरी ३.१६ टक्के कमी झाला आणि हे फक्त त्या पद्धतीसाठी बनवलेल्या फोनवर. दहा सेकंदाचं काम साडेनऊपेक्षा थोड्या जास्त सेकंदात. दोन-तीन जीबी रॅमचा जुना फोन अपडेटने घोड्यासारखा पळेल ही आशा नको. अशा फोनला गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसून आठ-दहा जीबी जागा मोकळी करून दिली तर जास्त फरक पडतो.

अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन गरम होतो आणि बॅटरी लवकर उतरते, हेही खरं. त्या वेळात फोन आतल्या आत सगळी अ‍ॅप्स नव्याने लावून घेत असतो. शेजाऱ्याचा फोन ‘बिघडला’ तो बहुतेक वेळा याच दोन दिवसांत. नोटिफिकेशनही आता एकाच अ‍ॅपच्या एका गठ्ठ्यात येतात आणि ग्रुपवर धडाधड मेसेज आले तर आवाज आपोआप कमी होतो. लग्नसराईत बरं आहे.

ई-पीक पाहणी अडते ती इथे

एक गोष्ट मात्र शेतकऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड आपोआप काढून घेतं. सुरक्षेसाठी हे चांगलंच आहे. पण ई-पीक पाहणीचं अ‍ॅप खरिपात एकदा आणि रब्बीत एकदा उघडलं जातं. मधल्या काळात फोन त्याचं लोकेशन आणि कॅमेरा काढून घेतो. मग बांधावर उभं राहून फोटो काढायची वेळ आली की अ‍ॅप ‘लोकेशन मिळत नाही’ म्हणतं आणि माणूस रेंजला, नाहीतर तलाठ्याला दोष देतो.

अशा वेळी त्या अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅप इन्फो’ उघडा, ‘परमिशन्स’मध्ये लोकेशन आणि कॅमेरा पुन्हा चालू करा. त्याच पानावर खाली अ‍ॅप वापरात नसताना परवानग्या काढून घेण्याचा पर्याय असतो, तो ई-पीक पाहणीपुरता बंद ठेवला तर पुढच्या हंगामात त्रास नाही. जागा कमी पडली की फोन न वापरलेली अ‍ॅप्स आकसून ठेवतो, असंही होतं. चिन्ह राहतं, पण उघडायला गेलं की पुन्हा डाऊनलोड मागतं. शेतात रेंज नसेल तर तिथेच खोळंबा. म्हणून पाहणीला निघण्याआधी घरूनच अ‍ॅप एकदा उघडून बघावं.

सातपुड्यात हे बटण जपून

अँड्रॉइड १६ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाचं एकच बटण आहे, जे दाबलं की सुरक्षेच्या सगळ्या कड्या एकदम लागतात. बाहेरून आलेली अ‍ॅप्स बंद, तीन दिवस कुलूप न उघडलेला फोन आपोआप रिस्टार्ट. सोय चांगली आहे. मात्र ज्या फोनमध्ये तशी तरतूद आहे तिथे हे बटण टू-जी नेटवर्कही बंद करतं, कारण जुन्या टू-जीमधून फसवे मेसेज घुसवणं सोपं असतं. शहरात त्याने काही अडत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर बोलण्यापुरती टू-जीचीच रेंज पोहोचते, तिथे हे बटण दाबलं तर फोन मुका होईल. आपत्कालीन कॉल तेवढे लागतील. अशा ठिकाणी एपीके न उघडण्याचं पथ्य पाळावं आणि हे बटण तसंच सोडावं.

चोरीसाठीच्या सोयी मात्र सगळ्यांनीच चालू कराव्यात. त्यासाठी अँड्रॉइड १६ लागत नाही, १० पासून पुढच्या बहुतेक फोनवर त्या मिळतात. सेटिंग्जमध्ये ‘गुगल’ आणि त्यात ‘थेफ्ट प्रोटेक्शन’. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा बसस्थानकाच्या गर्दीत कोणी हातातून फोन हिसकावून पळालं, तर तो झटका ओळखून स्क्रीन स्वतःहून लॉक होते. चोराने नेट बंद केलं तरी लॉक लागण्याची सोय आहे. रेंज येते-जाते अशा गावात ही दुसरी सोय कधीमधी मालकालाच पिन विचारेल, एवढं सोसावं लागेल. ‘रिमोट लॉक’ आधी चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून फक्त आपला नंबर टाकून हरवलेला फोन लॉक करता येतो. शिवाय *#०६# डायल केल्यावर दिसणारा आयएमईआय नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. पोलीस तक्रारीनंतर ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन ब्लॉक करायला तोच लागतो.

अपडेट कधी आणि कशी?

अपडेट फक्त फोनच्या सेटिंग्जमधूनच करायची. सॅमसंगमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’, बाकी फोनमध्ये ‘सिस्टिम अपडेट’ किंवा ‘अबाउट फोन’. खरी अपडेट व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल म्हणून येत नाही. इंटरनेट बघताना ‘तुमचा फोन जुना झाला आहे, लगेच अपडेट करा’ अशी लाल पाटी उघडली तर ती सरळ बंद करावी. दुकानात पैसे देऊन ‘सॉफ्टवेअर मारून’ घेणं वेगळं, त्यात बऱ्याचदा फोन पूर्ण पुसला जातो. कंपनीच्या अपडेटला एक रुपयाही लागत नाही आणि फोटो-नंबर जागेवर राहतात. तरी आधी नंबर गुगल खात्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेऊन ठेवलेला बरा.

मोठी अपडेट एक-दोन जीबीची किंवा त्याहूनही मोठी असू शकते. तालुक्याच्या गावी वायफाय मिळत असेल तर तिथे, किंवा रात्री उरलेल्या डेटावर ती उतरवून घ्यावी. डाऊनलोड मध्येच तुटलं तर घाबरायचं कारण नाही, सहसा ते पुढे सुरू होतं. इन्स्टॉल करताना मात्र निम्म्याहून जास्त चार्ज हवा आणि फोन जबरदस्तीने बंद करायचा नाही. ऊसतोडीला गुजरातकडे गेलेल्यांनी तिकडची चांगली रेंज आहे तोवरच हे काम उरकून घ्यावं.

अपडेट येतच नसेल तर?

जिल्ह्यात असे फोन कमी नाहीत. अँड्रॉइड १२ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं गुगलने ३१ मार्च २०२५ रोजी थांबवलं. ऑगस्ट २०२५ पासून क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्याच फोनवर येतात. असा जुना फोन लगेच फेकायची गरज नाही. पोरांच्या अभ्यासाला, गाण्यांना, बोलायला तो चालेल. बँकेचं अ‍ॅप आणि बँकेला जोडलेलं सिम मात्र घरातल्या त्यातल्या त्यात नव्या फोनमध्ये हलवावं.

नवा फोन घेताना दुकानदार कॅमेरा आणि बॅटरी दाखवतो. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा : या मॉडेलला सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार? सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं सांगितली आहेत, तर काही स्वस्त मॉडेलना दोनच वर्षं मिळतात. सेकंड हँड घेताना तर पैसे देण्याआधी दुकानातच ‘अबाउट फोन’ उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघून घ्यावी.