गांवचा तलाव कोणाच्या खातीं?



शहरांत राहणाऱ्या गृहस्थास कर म्हटला कीं नगरपालिकेचें एक बिल आठवतें. घरपट्टी, सफाई, दिवाबत्ती अशीं कलमें त्यांत असतात, आणि तें बिल भरल्यावर दारापुढील रस्ता उखडला तर जाब कोणास विचारावयाचा, हें त्यास ठाऊक असतें. खेड्यांतील मनुष्याची गोष्ट इतकी सोपी नाहीं. त्याच्या हातचा पैसा अनेक दारांनीं गांवाबाहेर जातो आणि अनेक दारांनीं गांवांत परत येतो. परंतु ज्या दारानें गेला त्याच दारानें तो येईल असा नेम नाहीं. ग्रामसभांतून कर आणि खर्च यांवर जे वाद माजतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ येथें आहे. आज मी हा विषय एका तलावाच्या आधारें मांडणार आहें.

तलावच कां, असें कोणी विचारील. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, गडचिरोलीच्या सीमेलगत केशोरी हें गांव आहे. लाल मिरचीमुळें त्याचें नांव बाजारांत ऐकूं येतें. पण हा सारा मुलूख धानाचा, आणि धान म्हणजे पाणी. धान निसवण्याच्या सुमारास पावसानें पाठ फिरवली आणि एक पाणी चुकलें, तर वर्षाचें अन्न जातें. तें एक पाणी राखून ठेवण्याकरितां या भागांत तलाव बांधले गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. याच तालुक्यांतील नवेगांव बांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधल्याचें सांगतात. लोक या जुन्या तलावांस 'मामा तलाव' म्हणतात. हा मामा आईचा भाऊ नव्हे; 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत.

मालगुजार म्हणजे सरकारांत गांवाचा सारा भरण्यास बांधलेला गांवचा मालक. रयतेकडून तो खंड घेई आणि त्यांतील ठरलेला भाग सरकारांत भरी. ओलिताची बांधी कोरडवाहू बांधीपेक्षां अधिक खंड देते, हें त्यास पक्कें कळत होतें. म्हणून पाळ फुटली तर ती पुन्हा बांधण्यांत त्याचा स्वार्थ होता. रयतेचाही होता, कारण पाणी तिच्याच शेतांत जावयाचें. पाळीवर माती टाकण्यास घरटीं माणूस येई, पाणी वाटून देण्यास पाणकर असे, आणि पाण्याचे व मासळीचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या कागदांत नोंदलेले असत. ही व्यवस्था न्यायाची होती असें माझें म्हणणें नाहीं. पाळीवर येणाऱ्या त्या माणसांत आपखुशीनें आलेले किती आणि वेठीनें धरून आणलेले किती, याचा हिशेब त्या कागदांत नसे. मालगुजारी गेली तें बरेंच झालें. मला दाखवावयाचें तें एवढेंच, कीं त्या वेळीं तलावाची जमा आणि तलावाचा खर्च एकाच वहींत मांडला जात होता.

पुढें मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी रद्द झाली. ज्या तलावांच्या पाण्यावर इतरांचे हक्क होते, ते सरकारकडे आले. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आज १०० हेक्टरांपर्यंत ओलित करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आणि त्याहून मोठे राज्य सरकारच्या खात्याकडे आहेत. येथें ती एक वही फाटली. शेतसारा राज्याच्या खातीं गेला. पाणीसारा तलाव ज्याच्या ताब्यांत, त्याच्या खातीं. मासळीच्या ठेक्याची रक्कम आणखी निराळी. आणि गांवांत बसलेल्या ग्रामपंचायतीच्या वाट्यास काय आलें? घर.

हें जरा नीट पाहूं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचें १२४ वें कलम पंचायतीस कर बसविण्याचा अधिकार देतें. तो इमारतींवर, आणि ज्या जमिनींस शेतसारा लागत नाहीं अशाच जमिनींवर. म्हणजे तलावाखालच्या ज्या बांधीस पाण्यामुळें मोल आलें, ती बांधी पंचायतीस एक पैसाही देत नाहीं. आणि ज्या भूमिहीनाच्या झोपडीस तलावाचा कांहींच लाभ नाहीं, ती झोपडी देते. घराच्या आकारणीची रीतिही मध्यें बदलली. पूर्वीं ती क्षेत्रफळावर होत असे. उच्च न्यायालयांत ती टिकली नाहीं, आणि डिसेंबर २०१५ च्या नियमांनीं ती भांडवली मूल्यावर होऊं लागली. बांधकामाचा प्रकार, त्याचें वय, त्याचा उपयोग हें सर्व आतां त्यांत धरतात. ज्यानें मातीचें घर पाडून सिमेंटचें बांधलें त्याची पट्टी चढली, आणि तो ग्रामसभेंत उठून विचारूं लागला, "पैसे घेतां, मग तलावाची पाळ कां बांधत नाहीं?" प्रश्न रास्त आहे. परंतु तो चुकीच्या दारावर ठोठावलेला आहे.

शाळेंत आम्ही मुलांस हौदाचीं गणितें घालीत असूं: दोन नळ भरतात, तीन नळ रिकामा करतात, तर हौद किती वेळांत भरेल? पंचायतीच्या तिजोरीचें गणित तसेंच करून पाहूं. समजा, गांवांत ४०० घरें आहेत आणि घरटीं सरासरी पट्टी ६०० रुपये आहे. सर्वांनीं भरली तर २,४०,००० रुपये होतील. (सर्वांनीं भरली तर! वसुलीचा अनुभव असलेले श्रोते येथें हंसतील.) पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नांतून १५ टक्के मागासवर्गीयांकरितां, १० टक्के महिला व बालकांकरितां आणि ५ टक्के दिव्यांगांकरितां राखून ठेवावे लागतात, ते रास्तच आहेत. म्हणजे ७२,००० रुपये बाजूस गेले. उरलेल्या १,६८,००० रुपयांत शिपाई, सफाई, दिव्यांची वीज, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती. त्यांतून पाळीसाठीं काय उरणार?

यावर कोणी म्हणेल, अनुदान येतें ना! येतें, परंतु बांधून येतें. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकीं २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांत ६० टक्के रक्कम पिण्याचें पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधलेली होती. उरलेली ४० टक्के मोकळी, पण ती ज्या तलावावर खर्चावयाची तो तलाव पंचायतीचा नव्हे, जिल्हा परिषदेचा. परवानगी हवी, अंदाजपत्रक हवें, तांत्रिक मंजुरी हवी. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे आपले ग्रामसेवक, बहुधा सोपा मार्ग धरतात: सिमेंटचा रस्ता करतात. रस्ता आपल्या हद्दींत, आपल्या मालकीचा, आणि निवडणुकीपूर्वीं दिसणारा. यांत त्यांस फार दोष देतां येत नाहीं.

आतां जमिनीचा प्रश्न पाहा, कारण खरी ठिणगी तेथें पडते. तलावांत गाळ सांचतो, उन्हाळ्यांत कांठाची जमीन उघडी पडते, आणि ती कसदार असते. प्रथम कोणी तींत उन्हाळी भाजी लावतो. पुढच्या वर्षीं कुंपण येतें. मग बांध येतो, आणि मग मौज अशी होते कीं त्या शेतकऱ्यास तलाव भरलेला नकोसा होतो. पूर्ण तलाव म्हणजे त्याचें बुडालेलें शेत. म्हणून जादा पाणी जाण्याची जी सलंग असते ती कोणी रात्रीं खणून खोल करतो, नाहींतर पाणी सोडण्याचें तुडुम उघडें राहतें. पाळ शाबूत, पावसाळा चांगला, आणि तरी तलाव अर्धा! खालच्या बांधीवाल्यास निसवणीच्या वेळीं पाणी मिळत नाहीं, आणि तो पुन्हा ग्रामसभेंत घरपट्टीवरून भांडतो.

सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं पंजाबांतील एका गांवतळ्याच्या खटल्यांत सार्वजनिक तळ्यांवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं साऱ्या राज्यांस आदेश दिले, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय निघाला. कागद आहे. परंतु अतिक्रमण करणारा बहुधा कोणी धनाढ्य परका नसतो. तो शेजारचा, एखादे वेळीं दुसरी जमीन नसलेलाही असतो. भूमि अभिलेख खात्यानें मोजणी करून बुडीत क्षेत्राच्या खुणा रोवल्यावांचून कोणाचें किती आंत आलें हेंच सांगतां येत नाहीं, आणि मग वाद जमिनीचा न राहतां माणसांचा होतो.

तलावाचे धनी शेतकरी एकटेच आहेत असेंही समजूं नये. धीवर बांधवांच्या सहकारी संस्था ठेका भरून मासळी सोडतात. त्यांस तलावांत उन्हाळ्यापर्यंत पाणी हवें. शेतकऱ्यास तें कार्तिकांतच शेतांत हवें. गुराख्यास कांठ मोकळा हवा. धुणें धुणाऱ्या बायांस पायऱ्या हव्यात. २००५ च्या कायद्यानें शेतकऱ्यांस पाणी वापर संस्था स्थापून सिंचनाची व्यवस्था हातीं घेतां येते, आणि तो कायदा चांगला आहे. परंतु त्या संस्थेंत बसतो तो ओलिताचा शेतकरी. धीवर आणि भूमिहीन तींत कोठें बसावे? ही सर्व माणसें ज्या एका सभेंत एकाच अधिकारानें बसूं शकतात ती ग्रामसभा होय. म्हणून माझें मत असें आहे कीं लहान तलावांचा पाणीसारा आणि मासळीचा ठेका, दोन्ही त्या त्या ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खातीं जमा व्हावेत आणि पाळ, तुडुम व सलंग यांची वार्षिक डागडुजी त्याच खात्यांतून व्हावी. मोठी दुरुस्ती जिल्हा परिषदेनेंच करावी. तें गांवाच्या आवांक्याचें नाहीं. असें केल्यानें गैरव्यवहार होणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण तो झाला तर पैसे कोणाचे गेले हें तरी सभेंतल्या प्रत्येकास कळेल.

तोंवर ग्रामसभेनें काय करावें? मागावयाचे कागद थोडे आहेत. पंचायतीचें अंदाजपत्रक, तें नमुना १. घरांची आकारणी, ती नमुना ८. जमीन महसूल संहितेच्या १६१ ते १६७ या कलमांत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांस आजही जागा आहे. गांवाचें निस्तार पत्रक तलाठ्याकडे मागतां येतें. गाळाचें कामही अडत नाहीं: 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून निघाली, आणि उन्हाळ्यांत काढलेला गाळ शेतकरी आपल्या शेतांत नेऊं शकतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीस मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती पुरते. केशोरीसारख्या गांवांत शंभर माणसें जमविणें अशक्य नाहीं.

अडचण आहे ती तारखांची. वर्षाच्या चार ठरलेल्या सभांपैकीं २ ऑक्टोबरची सभा भरते तेव्हां विकास आराखड्याचें काम सुरू होतें. परंतु त्या दिवशीं तलाव तुडुंब असतो आणि पाळीची भेग पाण्याखालीं असते. १ मेच्या सभेस तलावाचा तळ उघडा पडतो, भेग, गाळ, कुंपण सारें उघड्यावर येतें, आणि लोक तावातावानें बोलतात. पण तोंवर नव्या वर्षाचें अंदाजपत्रक सुरू होऊन महिना झालेला असतो. म्हणून मे महिन्यांत पाळीवरून फिरून जें दिसेल तें त्याच दिवशीं मोजून ठरावाच्या वहींत लिहून ठेवावें, आणि २ ऑक्टोबरला तोच ठराव वाचून आराखड्यांत घालण्यास सांगावें. पुढची पाळ त्याच्या पुढच्या जूनपूर्वीं बांधून होते.