पियानोशिक्षणातील शिस्त

पियानोशिक्षणातील शिस्त म्हणजे विद्यार्थ्याचा सराव, वादनातील अचूकता आणि तासिकेतील वर्तन यांविषयी शिक्षकाने धरलेला आग्रह होय. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा आग्रह किती कडक असावा, हा पाश्चात्त्य संगीताच्या अध्यापनशास्त्रातील जुना वादविषय आहे. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची अनेकदा सरमिसळ होते. पहिली म्हणजे निकषांचा काटेकोरपणा : योग्य स्वर, योग्य ताल व बोटांचा योग्य क्रम यांबाबत तडजोड न करणे. दुसरी म्हणजे वागणुकीतील कठोरपणा : रागावणे, अपमान करणे किंवा शिक्षा करणे. पहिली गोष्ट दुसरीशिवाय शक्य आहे का, हा या विषयाचा गाभा आहे.

इतिहास

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपमध्ये पियानोचे शिक्षण प्रायः सक्तीचे व यांत्रिक होते. लुडविग फान बीथोव्हेन यांना त्यांच्या वडिलांनी बालपणी अतिशय कठोरपणे शिकवले. स्वतः बीथोव्हेन यांचे मत मात्र वेगळे होते. त्यांचा पुतण्या कार्ल हा कार्ल चेर्नी यांच्याकडे पियानो शिकत असे. इ.स. १८१७ च्या सुमारास चेर्नी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सुचवले की, मुलाचा बोटांचा क्रम, ताल आणि स्वर बऱ्यापैकी बसले की शिक्षकाने आविष्काराकडे लक्ष द्यावे. किरकोळ चुकांसाठी त्याला मध्येच थांबवू नये, तर रचना संपल्यावर त्या दाखवून द्याव्यात.

इ.स. १८१४ मध्ये योहान बेर्नहार्ट लोगिये यांनी ‘कायरोप्लास्ट’ या उपकरणाचे एकस्व घेतले. पियानोच्या पट्ट्यांसमोर बसवलेल्या या चौकटीत विद्यार्थ्याचा हात ठराविक स्थितीत अडकवला जाई. शिस्त शिक्षकाऐवजी यंत्रावर सोपवण्याचा हा प्रयत्न काही काळ लोकप्रिय झाला आणि नंतर मागे पडला.

लाइपझिगचे शिक्षक फ्रीडरिश वीक यांच्या उदाहरणात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. त्यांची कन्या क्लारा (पुढे क्लारा शुमान) ही त्या शतकातील अग्रगण्य पियानोवादक ठरली. इ.स. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वीक यांनी निर्जीव घोकंपट्टीवर टीका केली आहे. परंतु त्यांचे शिष्य रॉबर्ट शुमान यांच्या रोजनिशीतील इ.स. १८३१ च्या नोंदीनुसार, नीट वाजवता न आल्याबद्दल वीक यांनी आपला मुलगा आल्विन याला केस धरून मारहाण केली होती. एकाच घरातील या दोन मुलांपैकी इतिहासाने प्रामुख्याने यशस्वी ठरलेल्या मुलीचीच दखल घेतली.

फ्रेदेरिक शोपँ हे पॅरिसमध्ये अनेक वर्षे अध्यापन करीत. त्यांच्या शिष्यांच्या आठवणींनुसार ते प्रसंगी संतापत व विद्यार्थी रडत बाहेर पडत. तथापि दिवसाला तीन तासांहून अधिक सराव करू नये, असाही त्यांचा सल्ला असे. आरंभी ते सी मेजरऐवजी बी मेजर ही स्वरश्रेणी शिकवीत, कारण तिच्यात लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर येतात व हात नैसर्गिक स्थितीत राहतो. अडचण विद्यार्थ्याच्या आळसात नसून साहित्याच्या क्रमात असू शकते, हे यातून लक्षात येते.

कठोरतेचा पुरस्कार

विसाव्या शतकात फिलाडेल्फिया येथील कर्टिस संस्थेत शिकवणाऱ्या इझाबेल व्हेंगेरोव्हा त्यांच्या करड्या शिस्तीसाठी प्रसिद्ध होत्या. लिओनर्ड बर्नस्टाइन व सॅम्युएल बार्बर हे त्यांचे विद्यार्थी होत. अशी उदाहरणे कठोरतेच्या समर्थनार्थ नेहमी दिली जातात. चुकीचा स्वर किंवा बोटांचा चुकीचा क्रम वारंवार वाजवल्यास तोच अंगवळणी पडतो व नंतर मोडण्यास अधिक श्रम लागतात. म्हणून चूक लवकर रोखली पाहिजे, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे.

इ.स. २०११ मध्ये अमेरिकेतील कायद्याच्या प्राध्यापिका एमी चुआ यांच्या आत्मकथनामुळे हा वाद सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. झाक इबेर यांची एक छोटी रचना सात वर्षांच्या मुलीला येईपर्यंत तिला पियानोसमोरून उठू दिले नाही, असे त्यांनी लिहिले होते. मुलीला ती रचना अखेर साधली. पुढे किशोरवयात, व्हायोलिन शिकत असताना, याच मुलीने उघड बंड केल्याचेही त्याच पुस्तकात नमूद आहे.

आक्षेप

कठोर शिक्षकांच्या यशाच्या कथांवर एक मूलभूत आक्षेप घेतला जातो. नामवंत संस्थांत विद्यार्थी निवडूनच घेतले जातात आणि ज्यांनी वाद्य सोडले त्यांच्या आठवणी सहसा लिहिल्या जात नाहीत. त्यामुळे शिस्तीमुळे यश मिळाले, की शिस्त सोसूनही मिळाले, हे अशा कथांवरून ठरवता येत नाही. चिनी पियानोवादक लांग लांग यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, बालपणी बीजिंगमधील एका शिक्षिकेने त्यांना शिकवण्यास नकार दिला; त्यानंतर घरात ओढवलेल्या टोकाच्या प्रसंगामुळे त्यांनी काही महिने पियानोला हात लावला नाही.

बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली इ.स. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिभाविकासाच्या अभ्यासात २१ अमेरिकी पियानोवादकांच्या मुलाखतींचा समावेश होता. त्यांपैकी बहुतेकांचे पहिले शिक्षक नामांकित नव्हते. ते प्रेमळ होते व त्यांच्यामुळे तासिका हवीहवीशी वाटे. काटेकोर व कडक शिक्षक त्यांच्या आयुष्यात नंतर, वाद्याची ओढ पक्की झाल्यावर आले. यावरून शिस्तीच्या प्रमाणाइतकाच तिचा क्रमही महत्त्वाचा असल्याचे दिसते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते या तीन गरजांवर अंतःप्रेरणा टिकून राहते. अपमानामुळे या तिन्हींना धक्का बसतो.

भीतीचा शरीरावरही परिणाम होतो. खांदे, मनगट व बोटे ताठरल्यास वेग आणि स्वराचा दर्जा कमी होतो. म्हणजे ज्या चुकीसाठी विद्यार्थ्याला रागावले जाते, तीच चूक पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

मागे पडण्याची कारणे

विद्यार्थी मागे पडला म्हणजे तो सराव करीत नाही, असा निष्कर्ष नेहमी बरोबर नसतो. पुढील कारणेही संभवतात :

• घरी पियानो नसणे, किंवा दाबानुसार आवाज कमीजास्त न होणाऱ्या लहान कीबोर्डवर सराव करावा लागणे
• रचना कुवतीपेक्षा फार कठीण असणे
• स्वरलिपी वाचण्यात अडचण. यामागे दृष्टिदोष किंवा वाचन-अक्षमता असू शकते
• सराव कसा करावा हे न शिकवले जाणे
• हातांची चुकीची ठेवण, वेदना किंवा थकवा
• वाद्याची निवड विद्यार्थ्याची नसून पालकांची असणे

यांपैकी बहुतेक कारणांवर रागावणे हा उपाय ठरत नाही. अवघड भाग दोन-चार मात्रांच्या तुकड्यांत विभागणे, दोन्ही हात आधी स्वतंत्रपणे वाजवणे, संथ लयीत अचूकता साधून मगच लय वाढवणे आणि पुढील तासिकेपर्यंत एकच स्पष्ट उद्दिष्ट देणे, हे उपाय सर्वसाधारणपणे सुचवले जातात. त्यांत निकष शिथिल होत नाही. केवळ एका वेळी पेलायचा भार कमी होतो.

पियानोच्या विद्यार्थ्याला शिक्षक बहुधा आठवड्यातून एकदा, अर्धा ते एक तास भेटतो. गुरु-शिष्य परंपरेत गुरूच्या सान्निध्यात रियाज होत असल्याने चूक तत्काळ दुरुस्त होऊ शकते. पियानोचा बहुतांश सराव मात्र विद्यार्थी एकटाच करतो. त्यामुळे शिक्षकाच्या धाकापेक्षा स्वतःची चूक स्वतः ऐकण्याची सवय येथे अधिक उपयोगी पडते.

भारतातील स्थिती

मुंबई, पुणे व गोवा येथील पियानोचे अनेक विद्यार्थी लंडनच्या असोसिएटेड बोर्ड (स्थापना इ.स. १८८९) व ट्रिनिटी कॉलेज या संस्थांच्या श्रेणी परीक्षा देतात. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत १५० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण मानले जाते. परीक्षेमुळे सरावाला दिशा मिळते. परंतु केवळ परीक्षेतील मोजक्या रचना वर्षभर घोटल्यास वाचनकौशल्य मागे राहते व विद्यार्थी पुढच्या श्रेणीत अडखळतो, अशी टीकाही होते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. पियानोच्या बहुतांश शिकवण्या शाळेबाहेर, शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या घरी चालतात. तेथे शिस्तीची मर्यादा राखण्याची जबाबदारी मुख्यतः शिक्षक आणि पालक यांच्यावरच येते.