लोंढा आणि माणूस

आमच्या नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात टपालाची तिकिटे छापतात, तशी भारताची पारपत्रेही छापतात. परदेशच्या विमानतळावर आपला माणूस जी पुस्तिका पुढे करतो, ती आमच्या गावची! देशाची सरहद्द येथून शेकडो मैल दूर असली, तरी हक्काने आलेला कोण आणि चोरून शिरलेला कोण, हे ठरविणाऱ्या कागदाचा जन्म येथलाच. अशा गावात राहून मी मराठी शिकवितो. तेव्हा कायद्याआधी मला कायद्यातले शब्द दिसतात, यात नवल नाही.

फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत सिंधी कुटुंबे आली. त्यांना आपण 'निर्वासित' म्हणालो. परंतु दंगलींच्या भयाने पश्चिम पाकिस्तानात गेलेले मुसलमान १९४८ साली आपापल्या घरी परतू लागले, तेव्हा सरकारला निराळाच शब्द सुचला. त्या जुलैत वटहुकूम निघाला आणि येणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला. पाठोपाठ १९४९ साली कायदा झाला, त्याच्या नावातच 'इन्फ्लक्स' हा शब्द होता. इन्फ्लक्स म्हणजे लोंढा!

सरकारची कारणे पोकळ होती, असे मी म्हणणार नाही. आलेल्या निर्वासितांना छप्पर हवे होते. गेलेल्यांची घरे त्यांना द्यावयाची होती. परतणाऱ्यांत कोणी हेर असला तर, हीही धास्ती होती. जागा, रोजगार आणि सुरक्षितता ही तीन कारणे आजही बहुतेक सरकारे पुढे करतात. घराला कडी असते, तशी देशालाही हवी. त्याबद्दल माझे भांडण नाही.

भांडण आहे ते लोंढा या शब्दाशी. गोदावरीला पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते आपण पाहतो. थेंब कोणी मोजीत नाही. कारण सांगताना सरकार पाणी दाखविते, कारवाई मात्र थेंबावर होते. १९४९च्या कायद्याने नुसत्या संशयावरून माणसाला देशाबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्याविरुद्ध हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५२च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांत पारपत्रे सुरू होऊन तो कायदाच मागे घेतला गेला होता; तरी १९५४ साली न्यायालयाने निकाल दिला की, आपल्याच नागरिकाला असे हाकलता येणार नाही.

हा धडा पुढे टिकला का? १९४६च्या परकीयांविषयीच्या कायद्यात, 'मी परका नाही' हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्यावरच होता. आसामपुरता १९८३च्या कायद्याने तो उलटा केला. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि तेथील घुसखोरीला 'बाह्य आक्रमण' म्हटले. १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा कायदा अमलात आला; त्यातही भार संशयिताच्याच डोक्यावर आहे.

याचा परिणाम काय होतो, हे २०२५च्या जूनमध्ये दिसले. आपल्या महाराष्ट्रात पोटासाठी आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडले आणि सरहद्दीपलीकडे ढकलले. मागाहून ते भारतीयच निघाले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले! त्यांची बोली बंगाली होती. आपल्या देशाच्या राष्ट्रगीताची भाषा बंगाली आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नसावे.

घुसखोराला बाहेर काढण्याचा सरकारचा हक्क मी नाकारीत नाही. परंतु काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, त्याचे कागद त्याच्या गावाहून पडताळून घ्यावेत आणि हुकूम लेखी द्यावा. एवढे केले म्हणजे सरहद्द ढिली पडत नाही. उलट, आपला माणूस आपल्याच हातून तिच्यापलीकडे लोटला जात नाही.